उशीखालची पोळी आणि संस्थेचा तुटपुंजा निधी

मुंबईच्या पूर्व उपनगरातील एका लहान बालगृहाच्या अधीक्षिका एका नऊ वर्षांच्या मुलाची तक्रार घेऊन माझ्याकडे आल्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) तो रोज रात्री उशीखाली पोळ्या लपवत असे, त्यामुळे खोलीत उंदीर येत आणि काळजीवाहक ताई त्याला चोर म्हणू लागल्या होत्या. "त्याला तुम्ही समजावून सांगा," असे म्हणता म्हणता त्यांनी मूळ चिंताही बोलून दाखवली: "मॅडम, अनुदान वेळेवर येत नाही. पैसाच नसेल तर आम्ही मुलांसाठी करणार तरी काय?" संस्था चालवणाऱ्या अनेकांची हीच चिंता असते.

ज्या मुलाने उपासमार सोसली आहे, त्याला पोट भरल्यावरही उद्याच्या जेवणाचा भरवसा वाटत नाही. म्हणून मुलाला समजावण्याआधी मी तेथील दिनक्रम समजून घेतला. देणगीदारांच्या वाढदिवशी केक आणि बिर्याणी असे, भाषणे लांबली की जेवणही लांबे आणि एरवी पोळ्या मोजून मिळत. टॉवेल सामाईक होते. धुतलेल्या कपड्यांतून ज्याच्या हाती जे लागेल ते त्याचे. खरजेवरचा उपचार एकेका मुलावर होई, त्यामुळे ती संपतच नसे. खेळण्यांची खोकी मात्र छताला टेकली होती.

जेवणाची वेळ कोणत्याही पाहुण्यासाठी बदलायची नाही आणि रात्री भूक लागल्यास मागता येतील असे चणे-कुरमुरे ठेवायचे, हे आधी ठरले. त्या मुलाची शिक्षा थांबवून त्याला झाकणाचा डबा दिला. प्रत्येकाला नावाचा टॉवेल आणि कुलपाची छोटी पेटी मिळाली. खरजेचे औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने सर्वांना एकाच दिवशी लावून त्याच दिवशी चादरी गरम पाण्यात धुतल्या. देणगीदारांपुढे साबण, रेक्झिन, पंख्याची दुरुस्ती अशी यादी ठेवली आणि मुलांची ओळख उघड करण्यास बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ नुसार मनाई असल्याने छायाचित्रे बंद केली. त्यामुळे काही देणगीदार दुरावले. माझ्या मते त्यांच्या जाण्याने फारसे बिघडले नाही.

काही महिन्यांत पोळ्या लपवणे बरेच कमी झाले. नियमांत सांगितलेली मुलांची समिती तोवर कागदावरच होती. ती खरोखर बसू लागली, तेव्हा मुलांची पहिली मागणी न्हाणीघराच्या दाराला आतून कडी हवी, ही होती. मोठ्यांच्या एकाही यादीत ती नव्हती.

अर्थात काटकसरीने सगळे भागत नाही. सात मुलांमागे एक शौचालय हा नियम साबणाच्या देणगीतून पाळला जाणार नाही. शौचालयांची मागणी व्यवस्थापन समितीच्या इतिवृत्तात नोंदवून जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांकडे लेखी द्यावी आणि तिची पोच जपून ठेवावी, असे मी अधीक्षिकांना सुचवले. तो अर्ज गेला आहे; पाठपुरावा चालू आहे.