फाइल त्यांची, तारीख तुझी

प्रिय पोरी,

अमेरिकेतली नोकरी जातेय हे कळवणाऱ्या काल रात्रीच्या मेसेजमध्ये तू ग्रीन कार्डबद्दल एकच प्रश्न तीनदा विचारलास: "काका, आता सगळं पहिल्यापासून?" नाही. पर्म (त्या जागेसाठी अमेरिकी माणूस मिळत नाही, असा कामगार खात्याचा दाखला) पहिल्यापासून, आय-१४० (त्यावर इमिग्रेशन खात्याकडे होणारा ग्रीन कार्डचा अर्ज) पहिल्यापासून. रांग पहिल्यापासून नाही. यात गल्लत केलीस तर घाबरून भलत्याच नोकरीला हो म्हणून बसशील.

आय-१४० हा अर्ज कंपनीचा असतो. वकीलही कंपनीचा, कितीही गोड बोलला तरी बिल तिलाच लावणारा. फाइल त्यांची. पण मंजूर झालेल्या आय-१४०ची प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतली तारीख, तुझी. उद्याची कंपनी नवा पर्म आणि नवा आय-१४० करेल तेव्हा त्यावर तुझी जुनी तारीख चढेल, ईबी-२ मधून ईबी-३ मध्ये, म्हणजे नोकरीवरच्या ग्रीन कार्डच्या दुसऱ्या वर्गातून तिसऱ्यात, गेलीस तरी. कागदपत्रांत खोटेपणा निघाला, पर्मच रद्द ठरला किंवा मंजुरीतच मोठी चूक सापडली तर ती जाते. कंपनीने अर्ज मागे घेतला एवढ्याने जात नाही. आणि ही तारीख आय-१४०च्या मंजुरीची नव्हे, जी तू मेसेजमध्ये ठोकून दिली आहेस. पर्म कामगार खात्याकडे दाखल झाला, तो दिवस. तुझ्या बाबतीत दोन्हींत दीड वर्षाचं अंतर आहे. भारतीयांच्या रांगेत दीड वर्ष म्हणजे काय, ते मी तुला सांगायला नको.

आता १८० चा आकडा. तुझ्या मंजुरीला आज १३१ दिवस झाले. १८० दिवसांच्या आत कंपनीने आय-१४० मागे घेतला तर तो आपोआप रद्द होतो. तारीख उरते, पण त्याच्या जोरावर एच-वनचं, म्हणजे तुझ्या कामाच्या व्हिसाचं, सहा वर्षांच्या मर्यादेपुढचं एक्स्टेन्शन मिळत नाही. १८० दिवस उलटल्यावर मागे घेतला तर मंजुरी टिकते आणि नव्या कंपनीला त्यावर तीन वर्षांचं एक्स्टेन्शन मागता येतं. जानेवारी २०१७ पासून हा नियम आहे. म्हणजे तुला ४९ दिवस हवेत, आणि ते लेखी मागायचे. एच-वन संपल्याचं सरकारला कळवणं कंपनीला भाग असतं, नाहीतर पगाराची जबाबदारी तिच्या गळ्यात राहते. आय-१४० मागे घेणं भाग नसतं. एचआरमधली मंडळी बरेचदा दोन्ही एका फटक्यात उरकून टाकतात. काही कंपन्या मुद्दाम मागे घेतात, कारण अशा प्रत्येक अर्जामागे त्यात लिहिलेला पगार द्यायची ऐपत दाखवावी लागते. तेव्हा भांडण नको, रडगाणंही नको. दोन ओळींची ई-मेल: अमुक तारखेपर्यंत माझा आय-१४० मागे घेऊ नये ही विनंती. तारीख घालून.

नोकरी गेल्यावर देशात थांबायला मिळणाऱ्या साठ दिवसांचं गणितही तू चुकवलं आहेस. ते साधारणपणे शेवटच्या पगारी दिवसापासून मोजतात. सेवरन्सचे (नोकरी गेल्याच्या भरपाईचे) आठ आठवडे त्यात धरायचे नाहीत. आय-९४ (देशात राहायच्या मुदतीची नोंद) त्याआधी संपत असेल तर मुदत तिथेच संपली. साठाव्या दिवशी ऑफर हातात असून भागत नाही, नव्या कंपनीचा अर्ज इमिग्रेशन खात्यात पोहोचलेला लागतो. त्याआधी एलसीए, म्हणजे पगाराच्या अटींना कामगार खात्याची मंजुरी; तिला कामाचे सात दिवस. कंपनीने पूर्वी एच-वन केलाच नसेल तर तिचा कर क्रमांक पडताळण्यात आणखी काही. वकिलाच्या कागद जमवण्यात चार-पाच. तुझा साठावा दिवस खरं तर पंचेचाळिसावा आहे, कॅलेंडरवर तोच लिही. एच-वनची लॉटरी पुन्हा नाही, आणि अर्ज पोहोचला की मंजुरीची वाट न पाहता रुजू होता येतं, एवढं मात्र सोपं आहे.

मुदतीत जमलं नाही तर बी-२ (पाहुण्याच्या व्हिसा) साठी आय-५३९ हा अर्ज भरून थांबता येतं, पण काम बंद, आणि पुढचा एच-वन मंजूर होईपर्यंत बंदच. लग्न झालेल्या तुझ्या मैत्रिणीला एच-४चा, म्हणजे नवऱ्याच्या एच-वनवर मिळणाऱ्या व्हिसाचा, आडोसा आहे, तुला तो नाही. मधल्या काळात पुण्याला जाऊन यायचा विचार मात्र सोडून दे. सप्टेंबर २०२५ ची अध्यक्षीय घोषणा लागू असेपर्यंत देशाबाहेर असलेल्या आणि वैध एच-वन व्हिसा नसलेल्या माणसाच्या नव्या एच-वन अर्जावर १ लाख डॉलरचा बोजा आहे. आईला व्हिडिओ कॉल कर.

मुलाखतीत पगाराआधी पर्म विचार. उद्धट वाटलं तरी विचार. तुझी सहा वर्षं संपायला १९ महिने आहेत. आय-१४० टिकला नाही, तर सातव्या वर्षासाठी नवा पर्म ३६५ दिवस आधी दाखल झालेला लागतो. उरले सात महिने. त्या कामाचं प्रचलित वेतन कामगार खात्याकडून ठरवून घेण्यातच काही महिने जातात. मग ३० दिवसांची जॉब ऑर्डर (राज्याच्या रोजगार खात्याकडे लावलेली जागेची नोंद), रविवारच्या दोन जाहिराती, त्यानंतर ३० दिवस थांबणं. "वर्षभर काम बघू, मग ग्रीन कार्डचं बघू" म्हणणारी कंपनी तुझ्यासाठी नाही, नाव कितीही मोठं असो. नव्या कंपनीने गेल्या सहा महिन्यांत त्याच कामातली माणसं काढली असतील तर त्यांना आधी विचारावं लागतं, म्हणून तेही विचार. आणि पर्मच्या वकिलाचा किंवा जाहिरातींचा खर्च "अर्धा तू दे" म्हणणाऱ्याकडून उठून ये. तो खर्च मालकाचाच, कायद्याने.

थोडी सवड मिळेल ती जुन्या शिक्क्यांतून. दिवाळीला, भावाच्या लग्नाला भारतात गेलीस ते अमेरिकेबाहेरचे पूर्ण दिवस सहा वर्षांत परत मागता येतात. तीन खेपांचे मिळून दोन-अडीच महिने सहज निघतील. पासपोर्ट आणि आय-९४ची प्रवास नोंद काढून आज मोज.

आणि कागद. तुला वाटेल, म्हातारा कागद-कागद करत डोकं खातो. खाणारच. फाइल त्यांची आहे म्हणूनच तिची प्रत तुझ्याकडे हवी. लॅपटॉप परत द्यायच्या आधी माग: आय-१४०ची मंजुरीची नोटीस, पूर्ण पर्म, सगळ्या एच-वनच्या आय-७९७ (मंजुरीच्या नोटिसा). नोटीस देत नसतील तर निदान तिचा तेरा अक्षरांचा पावती क्रमांक उतरवून घे. तोही नाकारला तर माहिती अधिकाराखाली इमिग्रेशन खात्याकडे मागता येतो, पण त्याला वेळ लागतो, आणि तुझ्याकडे नसलेली गोष्ट नेमकी तीच.

सगळ्यांत जास्त विसरला जातो तो अनुभवाचा दाखला. याच कंपनीतला अनुभव याच कंपनीच्या पर्ममध्ये सहसा धरत नाहीत, पुढच्या कंपनीच्या पर्ममध्ये मात्र धरतात. म्हणजे इथली चार वर्षं तुझ्या कामी येणार आहेत ती इथून निघाल्यावरच. लेटरहेडवर हवा: रुजू आणि शेवटची तारीख, पूर्णवेळ असल्याचा उल्लेख, पद, कामाचं स्वरूप, वापरलेली तंत्रं. एचआरचं "अमुक ते अमुक नोकरीत होत्या" हे दोन ओळींचं पत्र पुरत नाही. मॅनेजर अजून तिथे आहे, तोवर सही घे. कपातीच्या पुढच्या फेरीत तोही असेल की नाही, कोण जाणे.

ई-मेलचा मसुदा आज रात्री मला पाठव. पाठवण्याआधी १३१ पुन्हा मोज, मंजुरीच्या नोटिशीवरची तारीख बघून. मेसेजमधल्या तुझ्या आकड्यांवर माझा आता विश्वास नाही.

तुझा,
काका

ता. क. एच-वनची मुदत संपण्याआधी कंपनीने काढलं असेल तर मायदेशी परतण्याचं वाजवी भाडं तिने द्यायचं असतं. तू राजीनामा दिलास तर नाही. म्हणून "सन्मानाने राजीनामा देता का?" असं कोणी विचारलं तर सही करू नकोस, आधी मला फोन कर.