वणव्याचे धोरण: समिती नेमण्याआधी काय ठरवायला हवे

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: सह्याद्रीतल्या आपल्या तालुक्यात दरवर्षी फेब्रुवारीपासून मेपर्यंत डोंगर पेटतात, वन विभाग, महसूल, ग्रामपंचायत, अग्निशमन दल आणि वीज वितरण कंपनी यांपैकी प्रत्येक जण दुसऱ्याच्या हद्दीकडे बोट दाखवतो, तेव्हा तालुका पातळीवर एक समन्वय समिती नेमल्यास उपयोग होईल का? मी कोणत्याही खात्याचा नोकर नाही. स्थानिक संस्थेचा कार्यकर्ता म्हणून वनरक्षकांच्या बरोबरीने अनेक उन्हाळे वणवे विझवले आहेत, एवढाच माझा अधिकार. समिती जरूर नेमावी. मात्र तिने आग लागल्यावर कोणी धावायचे याच्या आधी, आग कोणत्या खात्याच्या कामातून लागते हा प्रश्न घ्यावा. विझवण्याची जबाबदारी बहुतेक वेळा एकट्या वन विभागावर येऊन पडते. पेटण्याची कारणे मात्र कृषी, पशुसंवर्धन, बांधकाम व वीज या इतर चार खात्यांच्या कारभारात विखुरलेली असतात, आणि त्या खात्यांना वणव्याच्या बैठकीला बोलावलेच जात नाही.

आपल्याकडचे जवळपास सगळे वणवे माणसाच्या हातून लागतात. मावळात आणि कोकणात भाताच्या रोपवाटिकेसाठी राब भाजतात, म्हणजे पालापाचोळा, कवळ (झाडाच्या तोडलेल्या डहाळ्या), गवत आणि शेण रोपवाटिकेच्या जागेवर पसरून पावसाआधी पेटवतात, आणि वारा फिरला की तीच आग बांध ओलांडून डोंगराला लागते. अशा शेतकऱ्यावर गुन्हा दाखल करून प्रश्न सुटत नाही, कारण त्याच्या दृष्टीने तो वणवा लावत नसून शेती करत असतो. त्याला राबाशिवाय भात घेण्याची वाट दाखवणे हे कृषी विभागाचे काम आहे. कर्जतकडून पसरलेल्या सगुणा भात तंत्रात गादीवाफ्यावर थेट टोकणी करतात. तिथे रोपवाटिकाच नसल्यामुळे राबाचा प्रश्न उरत नाही. तेव्हा ज्या गावांच्या शिवारातून आग वर चढते, त्या गावांत अशी प्रात्यक्षिके आधी घ्यावीत, हा निर्णय कृषी अधिकाऱ्याने घेतला तर तो मला वणव्याच्या धोरणाचा सर्वांत मोलाचा भाग वाटतो, जरी कागदावर त्याला कोणी तसे म्हणणार नाही. खाजगी घासणी, म्हणजे गवताची राने, जाळणारे आणखी वेगळे असतात. जाळल्याने पुढच्या वर्षी गवत चांगले येते अशी त्यांची समजूत असते. तिच्याशी बोलायचे तर पशुसंवर्धन विभागाचा डॉक्टर हवा, वनपाल नव्हे. विदर्भात मोहफुले वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाला जाळतात आणि तेंदूला नवी पालवी फुटावी म्हणून रान पेटवतात. तिथे समन्वयाचा खरा कागद तेंदूच्या विक्रीचा करार हा आहे. वन हक्क कायद्याखाली जिथे ग्रामसभा स्वतः पाने विकते, तिथे तीच जाळण्याविरुद्धची अट घालू शकते.

वीज वितरण कंपनीची गोष्ट तर निव्वळ वेळापत्रकाची आहे. तारांजवळच्या फांद्या छाटण्याचे मोठे काम मान्सूनपूर्व देखभाल म्हणून साधारणतः एप्रिल-मेमध्ये निघते, आणि वणव्याचा हंगाम आपल्याकडे 15 फेब्रुवारी ते 15 जून असा धरतात. जंगलाला लागून गेलेल्या वाहिन्यांपुरते तेच काम जानेवारीत उरकले, तर नवा कर्मचारी किंवा नवा निधी न मागता एक कारण कमी होते. अशी विनंती करायला कोणी जातच नाही, हे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे.

यानंतर नकाशाचा प्रश्न येतो आणि तो वाटतो त्यापेक्षा अवघड आहे. देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था उपग्रहाने टिपलेल्या उष्णतेच्या ठिपक्यांवरून मोबाइलवर सूचना पाठवते, आणि नोंदणी केल्यास त्या सामान्य नागरिकालाही मिळतात. 2004 पासून मोडिस या संवेदकाची आणि 2017 पासून त्याच्या जोडीने व्हीआयआयआरएस या दुसऱ्या संवेदकाची माहिती त्यासाठी वापरली जाते. मोडिसचा ठिपका सुमारे एक किलोमीटरचा, तर व्हीआयआयआरएसचा 375 मीटरचा असतो. परंतु हा दुसरा संवेदक वाहणारा उपग्रह दुपारी दीडच्या आणि रात्री दीडच्या सुमारास माथ्यावरून जातो, म्हणून दुपारी चारला पेटलेली आणि रात्री आठला विझलेली माळावरची आग त्याच्या नजरेतून निसटते. शिवाय वन विभाग कक्ष क्रमांकाने बोलतो, महसूल गट क्रमांकाने बोलतो आणि गावकरी 'खडकीच्या वरचा टेप' म्हणतात. या तिन्ही भाषा एका कागदावर आणणारा नकाशा कोणाकडेच नसल्यामुळे पहिला अर्धा तास ठिकाण समजावण्यात जातो. आम्ही एका गावात तलाठी, वनरक्षक आणि दोन गुराखी यांना शाळेच्या व्हरांड्यात बसवून असा नकाशा हाताने काढून घेतला होता. तो दिसायला वेडावाकडा होता, पण पुढची तीन वर्षे तोच उपयोगी पडला.

आता आज्ञा कोणाची, याविषयी. एका एप्रिलमध्ये दुपारी खाजगी घासणीत आग दिसली, तेव्हा एका कार्यालयाने ती आपल्या हद्दीत नसल्याचे सांगितले आणि दुसऱ्याने विझवायला आपल्याकडे माणसे नसल्याचे कळवले. अग्निशमनाचा बंब पायथ्याच्या रस्त्यापर्यंत येऊन थांबला, कारण बंब डोंगर चढत नाही. संध्याकाळी आगीने वनहद्दीचा बुरूज, म्हणजे हद्दीची खूण, ओलांडला, मग सगळे धावले, आणि दहा माणसांनी तासाभरात विझवता आले असते ते काम पन्नास माणसांना पहाटेपर्यंत पुरले. त्या दिवशी कायदा अपुरा पडला असे मला वाटत नाही. भारतीय वन अधिनियम, 1927 मधील कलम 79 नुसार राखीव किंवा संरक्षित वनात हक्क बजावणारे लोक, आणि त्या वनालगतच्या गावात शासनाचे वेतन घेणारे कर्मचारी, या सर्वांवर आगीची खबर देण्याचे व ती विझवण्यास झटण्याचे बंधन आहे. इतकेच नव्हे तर जवळपासची आग वनात शिरू नये म्हणून प्रयत्न करण्याचेही बंधन आहे. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, 2005 च्या कलम 34 प्रमाणे जिल्हा प्राधिकरण, म्हणजे व्यवहारात जिल्हाधिकारी, कोणत्याही खात्याची साधने वापरण्याचे निर्देश देऊ शकतात. उणीव आहे ती या दोन कायद्यांना जोडणाऱ्या, आगीपूर्वीच सही होऊन ठेवलेल्या एका पानी आदेशाची.

या बाबतीत कॅलिफोर्नियाचा दाखला आपल्याशी थेट जोडलेला आहे. 1970 च्या शरद ऋतूत तिथे 13 दिवसांत 16 माणसे वणव्यांत गेली, आणि नंतरच्या आढाव्यात असे दिसले की दलांची रेडिओ वारंवारता निराळी, पदनामे निराळी आणि एकाच शब्दाचे अर्थही निराळे होते. त्यातून घटनास्थळी एकच नेतृत्व, एकच परिभाषा आणि एकच आराखडा ठेवणारी जी पद्धत उभी राहिली, तिचाच भारतीय अवतार राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने 2010 मध्ये मार्गदर्शक सूचनांच्या रूपाने आणला, आणि त्यात तालुका पातळीवरचे पथक तहसीलदाराच्या हाताखाली ठेवले. वणव्यापोटी जन्मलेली ही पद्धत आपल्या तालुक्यांत मी पुराच्या रंगीत तालमीत पाहिली आहे, वणव्याच्या मात्र एकदाही नाही. माझे मत असे की, वणव्यापुरते आगीच्या जागेवरचे नेतृत्व, जमीन कोणाचीही असो, वनक्षेत्रपालाकडे असावे, आणि वाहने, पाणी, जेवण, रुग्णवाहिका व रस्ता बंद करण्याची व्यवस्था तहसीलदारांनी पाहावी. उलटी आग, म्हणजे येणारी आग अडवण्यासाठी तिच्या वाटेत मुद्दाम लावलेली आग, कधी लावायची आणि कधी माणसे मागे घ्यायची हे पदाच्या ज्येष्ठतेने ठरत नाही. 1994 च्या जुलैमध्ये कोलोरॅडोतील स्टॉर्म किंग डोंगरावर 14 प्रशिक्षित अग्निशामक एका दुपारी मेले, आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या संघीय खात्यांनी वणव्याचे समान धोरण स्वीकारताना माणसाचा जीव ही पहिली अग्रता ठरवली. आपल्या आदेशातही ते वाक्य सर्वांत वर असावे. आपल्याकडे बहुतेक स्वयंसेवक स्लीपर घालून आणि ओल्या डहाळ्या घेऊन आगीसमोर उभे राहतात.

पैशाविषयी एवढेच सांगतो की, केंद्राच्या वणवा प्रतिबंधक योजनेत आपल्या राज्याचा वाटा 40 टक्के असतो आणि हा पैसा मुख्यतः वनक्षेत्रातील जाळरेषा (आग पुढे जाऊ नये म्हणून आधीच जाळून मोकळे केलेले पट्टे), हंगामी अग्निरक्षक व पाला उडवणारे ब्लोअर यांवर जातो. आग मात्र बाहेरून येते. म्हणून 'जो जवळ असेल त्याने आधी जावे, हिशेब मागाहून' असा लेखी करार ग्रामपंचायत, वन विभाग आणि नगरपालिका यांच्यात हवा. त्यावाचून बंबाच्या डिझेलवरूनही वाद झालेला मी पाहिला आहे. गावातली संयुक्त वन व्यवस्थापन समिती जागी असेल तर संत तुकाराम वनग्राम योजनेच्या पारितोषिकाचाही आधार मिळतो, कारण त्यात वणव्यापासून केलेले संरक्षण विचारात घेतले जाते.

गिर्यारोहण मंडळांना समितीत घ्यावे की नाही, असेही आपण विचारले आहे. घ्यावे. 11 मार्च 2018 रोजी तामिळनाडूतील कुरंगणी येथे डोंगर उतरणाऱ्या पदभ्रमण गटाला गवताच्या आगीने गाठले आणि 20 हून अधिक लोकांचे प्राण गेले. पेटलेल्या डोंगरावर त्या दिवशी कोण आहे हे तहसीलदाराच्या टेबलावर कळायला हवे, आणि हे फक्त मंडळेच सांगू शकतात.

पहिली बैठक नोव्हेंबरात घ्यावी, म्हणजे गवत वाळण्याच्या सुमारास, आणि तिला कृषी, पशुसंवर्धन, बांधकाम व वीज या चौघांचे अधिकारी आल्याशिवाय ती सुरू करू नये. जाळरेषा 15 फेब्रुवारीपूर्वी पूर्ण व्हाव्या लागतात, तेव्हा डिसेंबरात नकाशा आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात जिल्हाधिकाऱ्यांची सही, असा क्रम ठेवावा. आपल्या तालुक्यातील गेल्या तीन हंगामांच्या आगींच्या तारखा आणि गावे आपण इथे दिलीत, तर कोणत्या खात्याकडे आधी जावे हे अधिक नेमके सांगता येईल.