बहिणीला नाताळचा ड्रेस घेण्याआधी

प्रिय लेकरा,

जय ख्रिस्त.

तुझा निरोप वाचला. स्वतःच्या पगाराचा पहिलाच नाताळ, आणि धाकट्या भावंडांना कपडे घ्यायचे मनात आहे, हे वाचून बरं वाटलं. बहिणीला पंधरावं सरत आलंय, भावाला तेरावं लागलंय. सोबत ऑनलाइन बघितलेल्या ड्रेसचा फोटो पाठवून तू विचारलंस, "मावशी, हा तिला येईल ना?" फोटोवरून मला एवढंच कळलं की तो त्या फोटोतल्या मुलीला येतो.

आधी एक गोष्ट लक्षात घे. आपल्या वसईत नाताळचे नवे कपडे ही भेट नसतेच. ते घरचं देणं असतं, पोरांचा हक्क. पूर्वी एकाच ताग्यातून सगळ्या भावांचे शर्ट निघायचे आणि चर्चमध्ये मिस्सेला, म्हणजे सणाच्या प्रार्थनेला, रांगेत उभे राहिले की कोण कुणाचा ते लांबूनच ओळखू यायचं. आता तागा गेला, पण हक्क गेला नाही. मध्यरात्रीच्या मिस्सेचा जोड तुझी आई आणणारच, बहुतेक आणूनही झाला असेल. त्यावर तू आणखी एक भारी ड्रेस आणलास की पोरीपुढे पेच: आईचा घालायचा की दादाचा? कुणीतरी एक हिरमुसणार. म्हणून मिस्सेचा कपडा आईवर सोड. तू घ्यायचं ते सव्वीस तारखेपासून अंगात येईल असं घे. सकाळी सातच्या क्लासला जाताना, मैत्रिणींबरोबर किल्ल्यात फिरायला जाताना अंगावर चढवावं असं काहीतरी. डेनिमचं जॅकेट, चांगल्या कापडाची हुडी, सैल शर्ट. यात मापाची चूक थोडीफार खपून जाते, आणि ती काय घालून चर्चमध्ये आली यावर गावाला बोलायला मिळत नाही.

आता मुद्द्याचं. तुझ्या फोटोतला ड्रेस कमरेत घट्ट आणि खाली घेरदार आहे. तो का आवडला तुला? तिला छान दिसेल म्हणून. मला नेमकी त्याचीच काळजी वाटते. पुस्तक दिलं, हेडफोन दिला, तर त्यात देणाऱ्याचं तिच्या अंगाबद्दल काही म्हणणं नसतं. कपड्यात असतं. मोठा आला तर "मी तुम्हाला एवढी जाड वाटते?", लहान आला तर "मी जाड झाले", बरोब्बर आला तर "दादाला माझं माप कसं ठाऊक?" पंधराव्या वर्षी यातलं काहीही मनाला लागू शकतं आणि तोंडातून शब्द निघत नाही. ती "छान आहे" म्हणेल, ड्रेस कपाटात जाईल, आणि पुढच्या नाताळला आई तो धाकट्या मावसबहिणीला देऊन टाकेल.

शिलाई मशीनवर बसून मी हे रोज बघते. या वयाच्या मुली माप द्यायला उभ्या राहिल्या की खांदे पुढे ओढून घेतात आणि श्वास रोखून धरतात. टेप छातीशी आली की नजर फरशीवर. तशात शेजारी उभी आई म्हणते, "जरा ढगळच ठेवा हं, वाढत्या अंगाची आहे." झालं, पोर आणखी आक्रसते. अशा वेळी घेतलेलं माप हमखास चुकतं, कपडा शिवून आला की पाठीत ताणतो. म्हणून मी टेप गळ्यात अडकवते, गणिताच्या सरांबद्दल काहीतरी विचारते, ती बोलायला लागली की खांदे आपोआप खाली येतात, मग माप घेते. आणि आकडा मोठ्याने म्हणत नाही, वहीत लिहिते. तूही दुकानात सेल्समनला "ती जरा अशी आहे" म्हणून हाताने गोल करून दाखवू नकोस. तिचं माप हा चारचौघांतला विषय नाही.

मग माप मिळवायचं कसं? तिला विचारायचं नाही आणि आईलाही नाही, कारण आई वाढत्या अंगाचं सांगेल. घरी वाळत घातलेल्या कपड्यांत बघ. आठवड्यात तीनदा दिसतो असा तिचा एक शर्ट किंवा टी-शर्ट असणारच. जो ती पुन्हा पुन्हा घालते त्यातच ती स्वतःला बरी वाटते. तो टेबलावर सपाट पसर, हाताने सुरकुत्या काढ, पण ताणू नकोस. एका बगलेच्या शिवणीपासून दुसऱ्या बगलेच्या शिवणीपर्यंत टेप धर. समज 19 इंच भरले. दुप्पट 38. ही कपड्याची छाती, तिची नव्हे. तिची 33-34 असेल. मधलं जे अंतर त्याला आम्ही लूजिंग म्हणतो, आणि तिला केवढं लूजिंग आवडतं तेच तुला या कपड्याने सांगितलं. मग खांद्याच्या एका शिवणीपासून दुसरीपर्यंत, मागच्या बाजूने. शेवटी गळ्याजवळच्या खांद्यापासून खालपर्यंत उंची. तीन आकडे, बस्स.

आता साइटवरचा तक्ता उघड. तिथे मीडियमपुढे छाती 34 लिहिली असेल तर बहुधा ती माणसाची, 38 असेल तर कपड्याची. चांगल्या साइटवर दोन्ही वेगवेगळी दिलेली असतात. हे न बघता "ती मीडियम आहे" म्हणणाऱ्यांचे कपडे माझ्याकडे जानेवारीत आल्टरेशनला येतात. एका कंपनीचा मीडियम दुसरीच्या स्मॉलएवढा निघतो, कारण आपल्या माणसांची मापं घेऊन बनवलेला एक सर्वमान्य तक्ता आपल्या बाजारात रुळलेलाच नाही. निफ्ट या सरकारी फॅशन संस्थेने त्यासाठी 'इंडिया साइझ' म्हणून काम हाती घेतलं, सहा शहरांत 15 ते 65 वयाच्या 25 हजार माणसांची मापं, आपली मुंबईही त्यात. तसा तक्ता दुकानांत रुळेपर्यंत टेपवर भरवसा ठेव. (आजीच्या लाल लुगड्याला साइझ नव्हता. लग्नात नेसलं तेच नातवंडं झाल्यावरही नेसली.)

होजिअरीचं कापड, म्हणजे टी-शर्ट-हुडीचं, पहिल्या धुण्यात उंचीला आटतं. शंभर टक्के सुती असेल तर उंची इंचभर जास्तच घे. हुडीचं कापड हातात धरून बघायला मिळालं तर उलट बाजू चोळून बघ. बोटाला लव लागली तर दोन महिन्यांत गोळे धरणार.

भावाचं वेगळं आहे. बहिणीची उंची आता फारशी वाढायची नाही, त्याची आत्ता सुरू झालीय. ऐन वाढीच्या वर्षात मुलगे नऊ-दहा सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ चार इंच वाढतात. तेही सगळीकडून एकदम नाही. आधी पावलं, मग तंगड्या आणि हात, धड त्यानंतर, खांदे भरतात सगळ्यात शेवटी. म्हणून या पोरांची पँट कमरेत नीट बसते आणि घोट्यावर चढते. त्याला बूट घेऊ नकोस, ईस्टरपर्यंत टाचेला लागतील. रेडिमेड जीन्सही नको. तळाची दुमड जेमतेम अर्धा इंच, सोडली तर उंची काही मिळत नाही आणि जुन्या घडीची पांढरी रेघ मात्र कायमची दिसते. त्यापेक्षा कमरेला नाडी असलेली पँट घे, नाहीतर अर्ध्या बाहीचा शर्ट, म्हणजे मनगटाची भानगड नाही. पँट शिवूनच द्यायची असेल तर माझ्याकडे घेऊन ये. तळाला आत दोन इंच ठेवीन, मागच्या शिवणीत मार्जिन ठेवीन, दर परीक्षेला सोडत जाऊ. आणि दोन साइझ मोठा घेऊन "होईल मोठा, मग येईल" असं करू नकोस. अंगावर झुलणारा शर्ट घालून पोरगा वर्गात जातो तेव्हा त्याच्या मोठं होण्याची वाट बघायला कुणी थांबत नाही.

पैशांचं थोडक्यात. 22 सप्टेंबर 2025 पासून 2500 रुपयांपर्यंतच्या कपड्यावर जीएसटी 5 टक्के आहे, त्याच्या वर गेलास की 18. हे एकेका नगावर, बिलाच्या बेरजेवर नाही. तेव्हा 2700 चं जॅकेट हातात घेतलंस तर शेजारचं 2400 चंही बघ. बिल मागून घे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे सदोष माल परत घ्यायला दुकानदाराला नाही म्हणता येत नाही, बिलावर मुदत दिलेली नसेल तर 30 दिवस धरतात. पण माप न बसणं हा मालाचा दोष नव्हे. ते बदलून देणं त्याची मर्जी, त्याचा नियम. म्हणून पैसे देण्याआधी विचार: साइझ बदलून मिळेल का, कधीपर्यंत, आणि सेल लागल्यावरही मिळेल का? ख्रिसमस उलटला की बहुतेक ठिकाणी सेलच्या पाट्या लागतात, तोपर्यंत चालणारे साइझ संपलेले असतात. बांद्र्याच्या हिल रोडवर फुटपाथला घेतलंस तर यातलं काहीच विचारू नकोस. तिथे घासाघीस करायची, घ्यायचं आणि विसरायचं.

खरं म्हणशील तर तिला मी हिल रोडवरच न्यायला सांगेन. सरप्राइजचा हट्ट तुझा आहे, तिचा नाही. एका शनिवारी वसई रोडहून दोघं लोकल पकडा. गाडीत बसतानाच रक्कम सांगून टाक: "तीन हजार, सगळे तुझे." मग तू पिशव्या धरायच्या आणि गप्प बसायचं. हे गप्प बसणं तुला जड जाईल. ती काळी हुडी उचलेल आणि तुझ्या तोंडावर येईल की सणाला काळं कशाला. म्हणू नकोस. फाटकी जीन्स उचलेल, तेव्हाही नाही. ती विचारेल, "कशी दिसते?" तर "तुला कशी वाटते?" असं विचार आणि थांब. कपडा अंगभर असावा, बाही असावी, हे घरचे दंडक सांगायला आई आहे. तू दादा आहेस, दारावरचा पोलीस नाहीस. त्या दिवशी तुला कळेल की ती ट्रायल रूममधून बाहेर येऊन दाखवते का आतूनच "नको" म्हणून परत देते. आतूनच देत असेल तर कारण विचारू नकोस, दुसरा साइझ हातात देऊन मोकळा हो.

नेता आलंच नाही तर गुंडाळून दे, पण किमतीचा कागद काप, कंपनीचा टॅग तसाच ठेव आणि बिल पाकिटात घालून आत टाक. येशूजन्माच्या गोठ्याच्या देखाव्यापुढे सगळे जमलेले असताना "घालून दाखव" म्हणू नकोस, आणि काकवांपैकी कुणी म्हणालीच तर विषय बदल, जेवणाचं काढ. पाकिटावर एवढंच लिही: "बदलायचा असेल तर बिल आत आहे, मला सांगायची गरज नाही." तिने बदलला तर चांगलंच झालं समज. तुझ्या पैशाचं तिला हवं ते आलं. ती बदललेली हुडी घालून समोर आली तर "मी दिलेली कुठाय?" असं विचारायचं नाही, एवढं पथ्य पाळ.

आणि घरात दहावीचं वर्ष आहे हे विसरू नकोस. फेब्रुवारी-मार्चपर्यंत ती घरातच जास्त बसणार. तिला विचारलंस तर कदाचित दोन मऊ पायजमेच मागेल. हसू नकोस, घे.

तुझी,
शिवणवाली मावशी

ता. क. कापड आणून माझ्याकडेच शिवायचं ठरलं, तर आगमनकाळाच्या पहिल्या रविवारच्या, म्हणजे नाताळआधीच्या चौथ्या रविवारच्या आत ये, आणि येताना तिलाच पाठव, डिझाइन ती सांगेल. त्यानंतर माझ्याकडे जानेवारीच्या लग्नांचे ब्लाउज सुरू होतात, मग बिशपस्वामी आले तरी मी तारीख देत नाही.