ओव्हरटेक झाला की लेन सोडा : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

या वेळच्या पत्रांत एकच तक्रार दोन्ही बाजूंनी आली आहे. महामार्गावर कुणाला पुढची संथ गाडी वाट देत नाही, तर कुणाला मागची गाडी सारखी डिपर मारते. काही देशांत वाहने डावीकडून चालतात, काहींत उजवीकडून. म्हणून उत्तरांत डावी-उजवी असे म्हटलेले नाही. दुभाजकालगतची लेन ती ओव्हरटेकची आणि तिच्या उलट टोकाची, शोल्डरला, म्हणजे रस्त्याच्या कडेच्या मोकळ्या पट्टीला, लागून असलेली ती कडेची लेन, असे धरून वाचावे.

प्रश्न : मी दुभाजकालगतच्या लेनमधून बरोबर वेगमर्यादेइतक्या वेगाने जातो. त्याहून वेगाने जाणे बेकायदा आहे, मग मागच्याला वाट देण्यासाठी मी बाजूला का व्हावे?

उत्तर : कारण ती लेन वेगवान गाड्यांची नाही, ओव्हरटेक करणाऱ्यांची आहे. हा फरक लक्षात आला की निम्मे वाद मिटतात. कडेच्या लेनमधल्या गाडीला तुम्ही मागे टाकत असाल, तर ती लेन तेवढ्यापुरती तुमची. मागे टाकायला कुणी नसेल, तर स्पीडोमीटरचा काटा ताशी १०० किलोमीटरवर असो की १२० वर, तुमची जागा कडेच्या लेनमध्येच. ब्रिटनच्या हायवे कोडमधला, म्हणजे तिथल्या वाहतूक नियमांच्या पुस्तिकेतला, २६४ क्रमांकाचा नियम मोटरवेसाठी, म्हणजे द्रुतगती महामार्गांसाठी, हेच सांगतो : ओव्हरटेक करत नसाल तर कडेची लेन धरा.

'बरोबर वेगमर्यादेइतका' हा अंदाजही फसवा असतो. संयुक्त राष्ट्रांचा स्पीडोमीटरविषयीचा ३९ क्रमांकाचा नियम अनेक देशांत लागू आहे. त्यानुसार काट्याने खऱ्या वेगापेक्षा कमी वेग कधीच दाखवायचा नाही, मात्र जास्त दाखवला तर चालतो, आणि तोही जास्तीत जास्त खऱ्या वेगाचे १० टक्के आणि वर ताशी ४ किलोमीटर इतका. म्हणजे गाडी खरोखर १०० ने चालत असताना काटा ११४ पर्यंत दाखवू शकतो. त्यात टायर झिजले की चाकाचा घेर कमी होतो, तेच अंतर कापायला चाक जास्त फिरते आणि काटा आणखी थोडा पुढे सरकतो. नव्या टायरची ८ मिलिमीटरची नक्षी १.६ पर्यंत झिजली, तर साधारण मोटारीत हा फरक २ टक्क्यांच्या आसपास जातो. तुमच्या काट्यावर १०० दिसत असताना तुम्ही प्रत्यक्षात ९२ ने जात असाल आणि मागचा ९८ ने, हे सहज शक्य आहे. म्हणजे मागचाही नियमातच आहे.

तो खरोखरच मर्यादा मोडत असेल, तरी त्याला अडवून धरण्यात तुमचेच नुकसान. चिडलेला चालक तुमच्या मागच्या बंपरपासून १० मीटरवर आणून ठेवण्यापेक्षा तो पुढे गेलेला बरा.

शिवाय मागची एकच गाडी अडत नाही. पहिली थोडा ब्रेक लावते, दुसरी जरा जास्त, दहावीला जवळजवळ थांबावे लागते. जपानमधल्या संशोधकांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात २३० मीटर घेराच्या वर्तुळाकार मार्गावर २२ मोटारी सोडल्या होत्या. सगळ्यांना ताशी ३० किलोमीटरचा सारखा वेग ठेवायला सांगितले होते. वाटेत अडथळा कुठलाच नव्हता. तरी थोड्याच वेळात काही गाड्या पार थांबू लागल्या आणि ती कोंडी लाटेसारखी ताशी सुमारे २० किलोमीटर वेगाने मागे सरकत राहिली. बारीकसारीक चढउतारांतून एवढे होते, तर ओव्हरटेकच्या लेनमध्ये ठाण मांडून बसलेली गाडी किती ब्रेक लावायला लावत असेल, याचा विचार करा.

प्रश्न : ट्रेलर ओलांडायला निघालो की मी त्याच्या बाजूलाच खूप वेळ राहतो आणि मागे रांग लागते. माझे काय चुकते?

उत्तर : तुमच्या दोघांच्या वेगातला फरक कमी पडतो. आकड्यांतच पाहू. ट्रेलर १६ मीटर लांब, वेग ८०. तुमची मोटार ४ मीटर. निघताना त्याच्या मागे दोन सेकंदांचे, म्हणजे ४४ मीटर अंतर आणि परत लेनमध्ये येताना त्याच्या पुढेही तेवढेच. एकूण १०८ मीटर तुम्हाला त्याच्यापेक्षा जास्त कापायचे आहेत.

तुमचा वेग १०० असेल, तर याला १९ ते २० सेकंद लागतात आणि तेवढ्यात रस्ता सुमारे ५४० मीटर सरतो. वेग ९० ठेवलात तर ३९ सेकंद आणि जवळपास एक किलोमीटर. ८५ ने निघालात तर मात्र ७८ सेकंद लागतील आणि १८०० मीटरहून जास्त रस्ता तुम्ही दुभाजकालगतची लेन अडवून धराल. हाम येथील जर्मन न्यायालयाने २००८ साली ट्रकच्या ओव्हरटेकसाठी ४५ सेकंदांचा मापदंड मानला, तो साधारण ताशी १० किलोमीटरच्या फरकाशी जुळतो. दोन ट्रकांच्या अशा रेंगाळत्या शर्यतीला जर्मन भाषेत 'हत्तींची शर्यत' असा शब्दच आहे. वेगमर्यादेत राहून किमान १० चा फरक पडत नसेल, तर ओव्हरटेकला निघू नका. मागेच राहा.

रांगेपेक्षाही महत्त्वाची गोष्ट म्हणजे ट्रेलरच्या अगदी बाजूला जाणारा वेळ. २० चा फरक असला की तुम्ही त्याच्या शेजारी जेमतेम साडेतीन सेकंद असता. ५ चा असला की चौदाहून जास्त. तेवढा वेळ तुम्ही बहुधा त्याच्या चालकाच्या आरशाबाहेर असता. त्याचा टायर फुटला तर तुकडे तुमच्याच अंगावर येतात. बाजूने वारा असेल, तर ट्रेलरच्या आडोशातून बाहेर पडताना गाडीला एकदम धक्का बसतो. तो बसणार हे धरून स्टिअरिंग दोन्ही हातांनी पकडा, पण घट्ट आवळू नका.

बहुतेकांची चूक क्रमात होते. आधी लेन बदलतात आणि मग ॲक्सिलरेटर दाबतात. वेग स्वतःच्या लेनमध्येच वाढवायला लागा, त्यासाठी पुढे जागा हवी, म्हणून ट्रेलरला खेटून चालू नका. चढ असेल किंवा इंजिन लहान असेल, तर एक गिअर खाली घ्या. आतला आरसा, बाहेरचा आरसा, मग मान वळवून खांद्यावरून एक नजर. इंडिकेटर द्या आणि थांबा. हल्ली दांडी हलकेच टेकवली की इंडिकेटर तीनदा लुकलुकून बंद होतो. साधारण मिनिटाला ९० या गतीने ते दोन सेकंदच झाले, आणि लेन बदलायलाच चार-पाच सेकंद लागतात. दांडी पूर्ण दाबा, लेन बदलून होईपर्यंत इंडिकेटर चालू राहू द्या.

परत येताना बाहेरच्या आरशावर विसंबू नका. तो बहुधा बहिर्वक्र असतो, त्यात मागची गाडी आहे त्यापेक्षा दूर दिसते. आतल्या सपाट आरशात ट्रेलरचे दोन्ही हेडलाइट पूर्ण दिसू लागले की आत या. आत आल्यावर ॲक्सिलरेटरवरचा पाय लगेच उचलू नका. भरलेला ट्रेलर मोटारीइतक्या अंतरात थांबत नाही, तुमचा सोडलेला वेग त्याला ब्रेक मारून भरून काढावा लागतो.

प्रश्न : कडेच्या लेनमध्ये ठरावीक अंतराने ट्रक असतात. प्रत्येक ट्रकनंतर आत-बाहेर करत बसायचे का?

उत्तर : दर वेळी नाही. पुढच्या ट्रकपर्यंत किती सेकंद मिळणार ते पाहा. दोन ट्रकांमध्ये २०० मीटर मोकळे असतील आणि तुमचा वेग त्यांच्यापेक्षा २० ने जास्त असेल, तर मागचे-पुढचे सुरक्षित अंतर सोडून तुम्हाला कडेच्या लेनमध्ये साधारण २० सेकंद मिळतात. मागे कुणी असेल तर आत या, तेवढ्यात दोन-तीन गाड्या निघून जातात. मोकळी जागा १०० मीटरच असेल, तर आत शिरून काही साधत नाही. दोन्ही ट्रक सलग ओलांडा आणि मग आत या. मागे आरशात कुणीच दिसत नसताना थोडे जास्त राहिलात तर कुणाचे अडत नाही, मात्र आरसा दर आठ-दहा सेकंदांनी पाहत राहा. लेन अडवणाऱ्यांतले बरेच जण हट्टी नसतात, त्यांनी बराच वेळ आरसाच पाहिलेला नसतो.

प्रश्न : क्रूझ कंट्रोल लावल्यावर माझ्याकडून लेन अडते, असे घरचे म्हणतात. खरे आहे का?

उत्तर : घरचे बरोबर सांगत आहेत. ठरवलेला वेग आपोआप कायम ठेवणाऱ्या साध्या क्रूझ कंट्रोलमध्ये तुमचा वेग ९२ आणि ट्रकचा ९० असला, की ओव्हरटेकला तीन मिनिटे लागतात आणि पाय पेडलवर नसल्यामुळे ती जाणवत नाहीत. रडारवाल्या अडॅप्टिव्ह प्रकारात उलटी अडचण आहे. पुढे संथ गाडी आली की यंत्रणा इतक्या हळुवारपणे वेग उतरवते, की १०० वर लावलेली गाडी ८५ वर आल्याचे तुमच्या ध्यानात येत नाही, आणि तुम्ही दुसऱ्या लेन अडवणाऱ्याच्या मागे निमूट चालत राहता.

ओव्हरटेकपुरता ॲक्सिलरेटर पायाने दाबा. क्रूझ कंट्रोल त्याने बंद पडत नाही, पाय काढला की गाडी ठरवलेल्या वेगावर परत येते. अडॅप्टिव्ह असेल, तर पुढच्या गाडीमुळे वेग उतरण्याआधीच, आरसे पाहून, लेन बदला.

प्रश्न : पुढचा काही केल्या हटत नाही. कडेच्या लेनमधून पुढे काढली तर काय बिघडते?

उत्तर : नेमक्या त्याच क्षणी त्याला चूक उमगते आणि तो कडेच्या लेनमध्ये येतो. तुमचा डिपर पाहून तो बाजूला व्हायला लागतो आणि तुम्ही तिथेच शिरलेले असता. त्या बाजूने कुणी वेगाने येईल अशी त्याची अपेक्षा नसते. त्यात कडेच्या लेनमध्ये पुढे रॅम्पवरून येणारी गाडी किंवा संथ ट्रक असतोच. जर्मनीत ऑटोबानवर, म्हणजे तिथल्या द्रुतगती महामार्गांवर, अशा ओव्हरटेकला मनाई आहे. दुभाजकालगतची रांग थांबली असेल किंवा मुंगीच्या गतीने सरकत असेल, तेव्हाच किंचित जास्त वेगाने आणि कमालीची काळजी घेऊन पुढे जाता येते.

करायचे ते असे : दोन ते तीन सेकंदांचे अंतर ठेवा, १०० च्या वेगाला हे ५५ ते ८५ मीटर होते. डिपर एकदाच, आखूड द्या आणि दहा सेकंद थांबा. जवळ जाऊन काम होत नाही, उलट बिघडते. तुम्ही फार जवळ गेलात की त्याच्या आतल्या आरशात तुमचे हेडलाइटच दिसत नाहीत, मग डिपर कुठून दिसणार? रात्री अप्पर लाइट लावून ठेवलात तर त्याचे आरसे झगमगतात, कडेची लेन मोकळी आहे की नाही हे त्याला कळत नाही आणि घाबरून तो आहे तिथेच राहतो. १०० च्या वेगाने १० मीटर मागे चालणे म्हणजे हाताशी एक तृतीयांश सेकंद ठेवणे. ब्रेककडे पाय जायलाच एक सेकंद लागतो.

तुम्ही पुढचे असाल आणि मागचा खेटून येत असेल, तर ब्रेक टेकवून त्याला अद्दल घडवायला जाऊ नका. ओव्हरटेक शांतपणे पूर्ण करा, इंडिकेटर द्या, आत या.

प्रश्न : तीन लेनच्या रस्त्यावर मधल्या लेनमध्ये राहिले तर कुणाला त्रास होऊ नये ना?

उत्तर : होतो. कडेच्या लेनमधल्या गाडीला तुम्हाला ओलांडायचे तर दोन लेन बाहेर आणि दोन लेन परत, असे चार वेळा लेन बदलावी लागते, आणि प्रत्येक बदलात धोका आहे. ट्रकना दुभाजकालगतच्या लेनमध्ये जायला बंदी असते तिथे तर तुमच्यामागे त्यांची कोंडीच होते. ब्रिटनमध्ये ऑगस्ट २०१३ पासून पोलिस अशा चालकाला जागेवरच १०० पौंडांचा दंड आणि परवान्यावर तीन दंडगुण देऊ शकतात.

प्रश्न : लेन बदलताना आरशात काहीच दिसत नाही आणि अचानक हॉर्न ऐकू येतो. आरसे कसे लावावेत?

उत्तर : तुमच्या आरशात तुमच्याच गाडीचा पत्रा जास्त दिसत असणार. गाडी थांबवून चालकाच्या बाजूच्या काचेला डोके जवळजवळ टेकवा आणि त्या बाजूचा आरसा असा बाहेर वळवा की स्वतःच्या गाडीची कड जेमतेम दिसावी. मग गाडीच्या मध्यावर, आतल्या आरशाखाली डोके नेऊन दुसऱ्या बाजूचा आरसाही तसाच लावा. नीट बसल्यावर बाहेरच्या आरशांत स्वतःची गाडी दिसणार नाही. पहिले काही दिवस चुकल्यासारखे वाटते. पारख अशी : ओलांडून जाणारी गाडी आतल्या आरशातून निसटण्याआधी बाहेरच्या आरशात आली पाहिजे, आणि तिथून निसटण्याआधी डोळ्याच्या कोपऱ्यात. मधे कुठे ती नाहीशी होत असेल, तर आरसा आणखी थोडा बाहेर घ्या. मोटारसायकल मात्र एवढ्यानेही सुटू शकते, म्हणून खांद्यावरची नजर सोडू नका.

प्रश्न : एक्झिट किती आधी लक्षात घेऊन कडेला यावे?

उत्तर : १०० च्या वेगाला दोन किलोमीटर म्हणजे ७२ सेकंद. तेवढे आधी नवा ओव्हरटेक सुरू करणे थांबवा आणि एकेक लेन बदलत या. दर लेनला वेगळा इंडिकेटर, मधे तीन-चार सेकंद सरळ. वेग महामार्गाच्या लेनमध्ये उतरवू नका, एक्झिटच्या लेनमध्ये शिरल्यावर उतरवा, ती त्यासाठीच लांब ठेवलेली असते. एक्झिट चुकलीच तर पुढच्या एक्झिटपर्यंत जा.