वाचक विचारतात : ट्रकचं डिझेल इंजिन

प्रश्न : बीएस-६ ट्रकचा डिझेल फिल्टर बदलला, तेव्हापासून सेल्फ फिरतो पण इंजिन स्टार्ट होत नाही. जुन्या गाडीसारखे नोझलचे नट ढिले करून एअर काढू का?

उत्तर : मुळीच नको. जुन्या पंपाच्या गाडीत ते चालायचं. कॉमन रेलमध्ये (सगळ्या इंजेक्टरना, म्हणजे डिझेल फवारणाऱ्या नोझलना, पुरवठा करणारी सामाईक नळी) दाब १,६०० बार किंवा त्याहून जास्त जातो. त्या दाबाची बारीक धार कातडीतून आत शिरते, आणि अशी जखम सुईएवढी दिसली तरी ताबडतोब शस्त्रक्रियेची असते. एअर काढायची ती फक्त कमी दाबाच्या बाजूने, म्हणजे टाकी ते हाय-प्रेशर पंप एवढ्या भागातून.

चावी बंद ठेवा. मुख्य फिल्टरवरचा ब्लीड स्क्रू थोडा ढिला करा आणि हँड प्रायमर (हाताने डिझेल पुढे ढकलायचा छोटा पंप) मारत राहा. बुडबुडे थांबून सलग डिझेल आलं की स्क्रू आवळा, प्रायमर हाताला कडक लागेपर्यंत पुन्हा मारा. मग सेल्फ एका वेळी फार तर १५ सेकंद, मध्ये दोन मिनिटं विश्रांती. रेलमध्ये साधारण २०० बार जमल्याशिवाय ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) इंजेक्टर उघडतच नाही, त्यामुळे पहिले एक-दोन प्रयत्न कोरडे गेले तर घाबरू नका.

तरीही एअर येत असेल तर टाकीकडून पंपाकडे येणारी बाजू बघा. तिथे पंप डिझेल ओढत असतो. फट असली तर हवा आत जाते, बाहेर थेंबही दिसत नाही. म्हणून ‘कुठेच गळत नाही’ हे तपासणं तिथे पुरेसं नाही. पारदर्शक नळीचा तुकडा मध्ये जोडला की बुडबुडे दिसतात. बहुतेक वेळा दोष जुनाच ओ-रिंग (रबरी सील) परत बसवल्याचा असतो. आणखी एक : नवा मुख्य फिल्टर मधल्या भोकातून डिझेल ओतून भरू नका. ती गाळलेली बाजू आहे. तिथून गेलेला कचरा थेट इंजेक्टरपर्यंत पोहोचतो.

प्रश्न : रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी टाकलं तर काय बिघडतं?

उत्तर : लायनर, म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो तो सिलिंडरचा नळा. पिस्टनच्या धक्क्यांनी वेट लायनर (ज्याला बाहेरून थेट पाणी लागतं तो) थरथरतो, पाण्याच्या बाजूला वाफेचे सूक्ष्म बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि धातू टोचत जातात. कूलंटमधली रसायनं त्यावर संरक्षक थर ठेवतात. साध्या पाण्यात तो नसतो. शेवटी भोक आरपार जातं. वर बोअरच्या क्षारांची पुटं चढतात ती वेगळीच. कूलंट आणि डीमिनरलाइज्ड पाणी निम्मं-निम्मं घ्या; टॉप-अपही त्याच मिश्रणाने. रंगावर जाऊ नका, डब्यावरचं स्पेसिफिकेशन मॅन्युअलशी जुळवा. कूलंट कमी होतंय, बाहेर गळती नाही आणि डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं किंवा दुधाळ दिसतंय, तर इंजिन पुन्हा स्टार्ट करू नका, बेअरिंग जातील.

प्रश्न : शेतीचा युरिया पाण्यात विरघळवून डेफ (एक्झॉस्टच्या धुरात फवारायचं युरियाचं द्रावण) घरी करता येईल?

उत्तर : नाही. डेफमध्ये ३२.५ टक्के अतिशुद्ध युरिया असतो, उरलेलं आयनमुक्त पाणी. आपल्याकडचा खताचा युरिया नीमलेपित असतो. त्यातल्या अशुद्धीने डोसिंग नोझल तुंबते, एससीआर कॅटॅलिस्ट (धुरातले नायट्रोजन ऑक्साइड कमी करणारा भाग) निकामी होतो. चुकून डेफच्या टाकीत डिझेल पडलं तर चावीच फिरवू नका, नाहीतर पंप ते ओढून सगळ्या लाइनमध्ये नेतो. गाडी टो करून टाकी उतरवून घ्या.