मेलबर्नला देव्हारा नेताना

तुम्ही विचारलंय, जूनमध्ये कुटुंबासह मेलबर्नला जाताना घरचे देव न्यावेत का, आणि तिथे कुळाचार निभतील का. न्यावेत, जरूर न्यावेत. देव्हाऱ्यातल्या मूर्ती चल असतात, जागा बदलण्याचा दोष त्यांना नाही. निघायच्या दिवशी पूजा-नैवेद्य करा, कलशावरचा नारळ, सुपाऱ्या, निर्माल्य विसर्जित करा आणि मूर्ती सुती कापडात गुंडाळून हातातल्या सामानात ठेवा.

देव्हाऱ्यातले टाक (धातूच्या पत्र्यावर उठवलेल्या देवप्रतिमा) पणजोबांच्या काळचे असतील तर तिकिटाच्याही आधी त्यांचं बघा. १९७२च्या पुरावस्तू कायद्याने १०० वर्षांहून जुनी मूर्ती देशाबाहेर नेता येत नाही, जुन्या हस्तलिखित पोथ्यांसाठी ही मर्यादा ७५ वर्षं आहे. वस्तू तितकी जुनी नसूनही जुनी दिसत असेल तर विमानतळावर अडकते, म्हणून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावस्तू नसल्याचा दाखला घ्या. खरंच तितकी जुनी असेल तर ती भावकीत ठेवा आणि सोनाराकडून नवे टाक घडवून, प्रतिष्ठा करून न्या. त्यात काही उणं नाही.

ऑस्ट्रेलियात उतरण्यापूर्वी जे कार्ड भरायचं असतं त्यावर लाकूड, बिया, वनस्पती, प्राणिजन्य वस्तू, सगळं जाहीर करा. रुद्राक्ष, तुळशीची माळ, मोरपीस, शंख यांचाही उल्लेख करा. जाहीर केलेली वस्तू फार तर काढून घेतात. लपवलेल्या वस्तूवर दंड होतो आणि व्हिसाही धोक्यात येतो. शेणाच्या गोवऱ्या, ताजी फुलं, बेल, तुळशीचं रोप, माती, दुधाचे पेढे, सुपाऱ्या इथेच ठेवा. कापूर आणि काडेपेटी ज्वलनशील म्हणून विमानातच चालत नाहीत. तांदूळ, नारळ, हळद-कुंकू, उदबत्ती तिथल्या भारतीय दुकानांत मिळतं. ताम्हण-समईच्या खाचांतलं जुनं तेल आणि माती ब्रशने काढा. लाकडी देव्हारा शक्यतो नेऊच नका, एखादं किडीचं भोक दिसलं तरी तो अडकतो.

भाड्याच्या घरात धुराचा अलार्म असतो, तो काढणं किंवा झाकणं बेकायदा आहे. देव्हारा त्याच्यापासून लांब, खिडकीजवळ मांडा. निरांजनाने सहसा काही होत नाही, धूप आणि कापूर मात्र त्रास देतात. मोठ्या इमारतीत अलार्म वाजला तर बंब येऊन बिल लागू शकतं. उन्हाळ्यात ‘टोटल फायर बॅन’च्या, म्हणजे उघड्यावर आग पेटवायला पूर्ण बंदी असलेल्या दिवशी अंगणात होम करायचा नाही.

गणपतीची मूर्ती तिथेच करा. कुंभारकामाच्या दुकानातून साधी माती घ्या, वीतभर मूर्तीला दीड-दोन किलो पुरते. ‘एअर-ड्राय’ म्हणून मिळणारी टाळा, तिच्यात बऱ्याचदा चिकट पदार्थ असतात आणि ती विरघळत नाही. मूर्ती सावलीत आठवडाभर पूर्ण वाळू द्या. बोट लावून गार लागली तर आत ओल आहे. ओलसर माती पाण्यात तशीच गोळा होऊन बसते, कोरडी मात्र बुडबुडे सोडत विरते. रंग गेरू-हळदीचा द्या, अॅक्रिलिकचा पातळ पापुद्रा पाण्यात तरंगत राहतो. विसर्जन घरच्या बादलीत करा.

दूर्वा म्हणजे तिथलं ‘कूच’ गवत, कितीतरी हिरवळींवर हेच असतं. पण मेलबर्नच्या थंडीत ते तपकिरी पडतं आणि चतुर्थी तर थंडी संपता संपता येते. पोहोचल्यावर लगेच चार-पाच मुळ्या कुंडीत लावा आणि उत्तरेच्या खिडकीत ठेवा, तिथे ऊन उत्तरेकडून येतं. तुळसही थंडीत घरातच ठेवा.

पंचांग मेलबर्नचंच वापरा. तिथीचा क्षण जगभर एकच असतो, सूर्योदय वेगळा. एकादशी भारतात पहाटे चारला लागली तर मुंबईत ती त्याच दिवशी धरतात. मेलबर्नला मात्र त्याआधीच उजाडलेलं असतं, म्हणून बहुधा दुसऱ्या दिवशी येते. डिसेंबरच्या संकष्टीला चंद्रोदय रात्री अकराच्या आसपास होतो, तेव्हा मुलांना आधी जेवायला घाला. संकल्पातलं ‘गोदावर्याः दक्षिणे तीरे’ तिथे लागू होत नाही. काय म्हणायचं ते निघण्यापूर्वी घरच्या गुरुजींकडून लिहून घ्या. देवदर्शनाला द बेसिनमधलं वक्रतुंड विनायगर मंदिर आणि कॅरम डाउन्सचं शिव-विष्णू मंदिर आहे. दोन्ही शहराच्या कडेला आहेत, गाडी लागेल.