काढलेल्या पायऱ्या परत बसवताना

युजर एक्सपीरियन्स (यूएक्स) डिझाइनबद्दल, म्हणजे ॲप किंवा वस्तू वापरताना माणसाला येणाऱ्या अनुभवाच्या आखणीबद्दल काहीही विचारा, असं मागच्या अंकात लिहिलं होतं. आलेल्या पत्रांपैकी निम्मी एकाच काळजीची निघाली, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

ताई, मी तीन वर्षांपासून यूएक्स डिझायनर आहे. एखाद्या फीचरच्या वायरफ्रेम, म्हणजे स्क्रीनचे कच्चे आराखडे, करायला मला पूर्वी आठवडा लागायचा. आता आमचा प्रॉडक्ट मॅनेजर एआयला चार ओळी लिहून देतो, अर्ध्या तासात आठ स्क्रीन घेऊन येतो आणि म्हणतो, "जरा नीट करून दे." खरं सांगू? त्या स्क्रीन वाईटही नसतात. मग मी नक्की कशासाठी आहे?

त्या वाईट नसतात हे तू स्वतःहून कबूल केलंस, हे मला आवडलं. माझ्या वयाचे पुष्कळ लोक अजून "मशीनला काय कळतंय" म्हणत बसले आहेत. स्क्रीन काढण्यापुरतं त्याला बरंच कळतं.

माझ्याच एका चुकीची गोष्ट सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्या टीमकडे रुग्णालयाच्या अपॉइंटमेंटचं ॲप आलं होतं. अपॉइंटमेंट रद्द करायला तेव्हा चार स्क्रीन लागायच्या. मी त्या काढून टाकल्या. यादीतली ओळ बोटाने डावीकडे सरकवली की अपॉइंटमेंट रद्द, पुढे काही विचारणं नाही. मीटिंगमध्ये टाळ्या पडल्या. "चारावरून शून्यावर" हे वाक्य मी पुढे दोन-तीन मुलाखतींत मिरवलंसुद्धा.

काही महिन्यांनी त्यांच्या हेल्पलाइनवर येणारे फोन ऐकायला मी एक दिवस हेडफोन लावून बसले. एका आजोबांचा फोन आला. डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ त्यांना कितीतरी आठवडे थांबून मिळाली होती आणि आता ती यादीत दिसत नव्हती. ते यादी खाली सरकवत होते, अंगठा थरथरला आणि ओळ डावीकडे गेली. ते भांडले नाहीत. एवढंच विचारत राहिले, "माझं काय चुकलं?" चुकलं माझं होतं, आणि मी तिथेच हेडफोन लावून बसले होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही एक पायरी परत बसवली. त्यातही गंमत झाली. पहिल्या आवृत्तीत प्रश्न होता "अपॉइंटमेंट रद्द करायची?" आणि खाली दोन बटणं, "ठीक" आणि "रद्द". आता "रद्द" दाबलं तर अपॉइंटमेंट रद्द होणार की रद्द करणं रद्द होणार? शेवटी "गुरुवारची अपॉइंटमेंट रद्द करायची?" असा प्रश्न ठेवला आणि बटणांवर लिहिलं "रद्द करा" आणि "राहू द्या". त्या दोन शब्दांवर आमची दुपार गेली. पुढे कळलं की वेब अपंगांसह सगळ्यांना वापरता यावं यासाठीच्या ॲक्सेसिबिलिटी नियमांमध्ये, म्हणजे डब्ल्यूसीएजीमध्ये, २००८ पासूनच लिहिलेलं आहे: पैसे, कायदेशीर बंधन किंवा माणसाने साठवलेली माहिती यांत बदल करणारी कृती मागे घेता यावी, तपासून घेता यावी किंवा आधी विचारली जावी. मी ते वाचलंच नव्हतं.

आता तुझ्या आठ स्क्रीनकडे वळू. मशीनने असंख्य ॲप पाहिलेली असतात आणि त्यातल्या पुष्कळांत डावीकडे सरकवून खोडायची सोय असते. म्हणून तेही तीच देईल आणि ती दिसेलही छान. थरथरणारा अंगठा त्याच्यासमोर कधी आलेला नाही. त्या स्क्रीन हातात आल्या की रंग आणि अंतरं नंतर बघ. आधी विचार, इथे काय गरजेपेक्षा जास्त सोपं झालंय? नंतर त्यांत घाण भर. बनवून मिळालेल्या स्क्रीनमध्ये नेहमी तीन नीटनेटकी नावं असतात. तू एकही नाव नसलेली यादी करून बघ, तीनशे नावांची करून बघ, दोन ओळींत न मावणारं नाव घाल, मध्येच नेट घालव. मजकूर देवनागरीत टाक: इंग्रजी अक्षरांच्या बेताने ठेवलेल्या ओळीत वरचा रफार आणि खालचा उकार हमखास कापला जातो. हे सगळं करून तू ज्या स्क्रीन परत देशील, त्यांना "जरा नीट करून देणं" म्हणत नाहीत हे मॅनेजरला दोन-चार वेळांतच कळेल. नाही कळलं तर त्याला एक दिवस हेल्पलाइनवर बसव.

आणखी एक. प्रॉडक्टच्या आतच एआय असेल तर काम वाढतं, कमी होत नाही. आजवर एक बटण दाबलं की एकच गोष्ट व्हायची, आणि आमचं सगळं शास्त्र त्या भरवशावर उभं होतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी लोकांसमोर आलं आणि तो भरवसा गेला. तोच प्रश्न दोनदा विचारला तर दोन उत्तरं मिळू शकतात. वापरसुलभतेचे जाणकार याकोब नील्सन यांनी २०२३ मध्ये लिहिलं की माणूस आता संगणकाला कृती सांगत नाही, हवा असलेला परिणाम सांगतो, आणि संगणकाशी बोलण्याची ही तिसरीच रीत आहे. मला हे पटतं. पण परिणाम मागणाऱ्याला तो तपासताही आला पाहिजे. उत्तर कुठून आलं हे दाखवणं, पाठवण्याआधी थांबवणं, झालेलं मागे घेता येणं, या सगळ्या पायऱ्याच आहेत आणि त्या कोणीतरी बसवायला हव्यात.

यूआय (युजर इंटरफेस), यूएक्स, इंटरॅक्शन डिझायनर, प्रॉडक्ट डिझायनर... दर दोन वर्षांनी पाटी का बदलते? खरा फरक काय?

पगारात असतो कधीकधी. बाकी, मी या धंद्यात माहितीपुस्तिका लिहिणारी म्हणून आले. ज्या स्क्रीनसाठी मला सहा पानं लिहावी लागायची ती स्क्रीनच वाईट आहे, हे कळायला दीड वर्ष गेलं आणि तशी मी या बाजूला सरकले. तेव्हापासून माझ्या कार्डावर पाच वेगवेगळी पदं छापून झाली. ऐंशीच्या दशकात बिल मॉगरिज आणि बिल व्हरप्लँक या डिझायनरांनी "इंटरॅक्शन डिझाइन" हा शब्द रुजवला. डिझाइनवर लिहिणारे डॉन नॉर्मन १९९३ मध्ये ॲपलमध्ये गेले आणि त्यांनी पदच घेतलं "युजर एक्सपीरियन्स आर्किटेक्ट". "युजर इंटरफेस" (वापरणाऱ्यासमोरची स्क्रीन आणि बटणं) आणि "युजेबिलिटी" (वापरण्यातली सोय) हे शब्द त्यांना तोकडे वाटत होते. वस्तू कशी दिसते, हातात कशी बसते, तिची पुस्तिका कशी आहे, हे सगळं त्यांना एका शब्दात हवं होतं. पुढे तो शब्द आकसत आकसत मोबाइलच्या स्क्रीनएवढा झाला, म्हणून आता नवे शब्द लागतात. नोकरीच्या जाहिरातीत पद वाचू नका, "रिसर्च कोण करणार" हे विचारा. उत्तर देताना समोरचा अडखळला, तर पाटीवर काहीही असो, काम रंगकामाचंच आहे.

माझं वय अडुसष्ट. फोनवरचं एखादं ॲप अंगवळणी पडतं न पडतं तोच त्यातली बटणं हलवलेली असतात. मुलगा म्हणतो, "बाबा, वाचा ना नीट." मी आयुष्यभर यंत्रांवर काम केलं आहे. आता मीच मठ्ठ झालो आहे का?

नाही. तुम्ही यंत्रांवर काम केलंय म्हणून तुम्हाला ही गोष्ट आवडेल. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-१७ विमानं धावपट्टीवर सुखरूप उतरायची आणि उतरल्यावर वैमानिक चाकंच आत घ्यायचे. विमान पोटावर बसायचं. ठपका वैमानिकावर. अल्फॉन्स चॅपॅनिस नावाच्या मानसशास्त्रज्ञाने कॉकपिटमध्ये जाऊन पाहिलं, तर चाकांचा खटका आणि पंखांच्या फ्लॅपचा खटका शेजारीशेजारी आणि दिसायला एकसारखे. त्याने चाकांच्या खटक्याला छोटं रबरी चाक लावलं आणि फ्लॅपच्या खटक्याला पाचरीसारखा तुकडा. बोटांना न बघता फरक कळू लागला. या खटक्यांना असे वेगळे आकार देण्याची पद्धत विमानांत अजून आहे. पुढे १९४७ मध्ये पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स या संशोधकांनी "वैमानिकाची चूक" म्हणून नोंदले जाणारे ४६० प्रसंग तपासले, आणि त्यातल्या कितीतरी चुकांचं मूळ मांडणीतच सापडलं.

आमच्या धंद्याचा उगम मी तिथे मानते. चिरंजीवांना हे वाचायला द्या.

बटणं का हलवतात, याचं खरं उत्तर फारसं शोभादायक नाही. कधी खरंच गरज असते, कधी नवा प्रमुख आलेला असतो. डिझायनरला वर्षाच्या शेवटी "मी काय बदललं" ते दाखवावं लागतं, "मी काय हलवू दिलं नाही" याचा कॉलम त्या फॉर्मवर नसतो.

आमचा स्टार्टअप छोटा आहे. "पाच जणांवर टेस्टिंग केलं की पुरे" असं सगळीकडे ऐकतो. खरं आहे का, की हा आळशी लोकांचा आधार आहे?

दोन्ही. हिशेब नील्सन आणि टॉम लँडॉवर यांचा. त्यांनी पाहिलेल्या प्रकल्पांत एका माणसाच्या टेस्टमध्ये सरासरी ३१ टक्के अडचणी उघड व्हायच्या. दुसऱ्या माणसाला त्यातल्या बऱ्याच पुन्हा दिसणार, थोड्या नव्या. असं करत पाचव्यापर्यंत सुमारे ८५ टक्के होतात आणि त्यानंतर नवीन हाती फार थोडं लागतं. पण त्याच सल्ल्याचा पुढचा भाग कोणी सांगत नाही: वाचलेला वेळ घरी जाण्यासाठी नाही, दुरुस्त करून पुन्हा पाच जण बसवण्यासाठी आहे. आणि वापरणाऱ्यांचे गट वेगळे असतील, समजा डॉक्टर आणि रुग्ण, तर प्रत्येक गटाची माणसं वेगळी बसवावी लागतात. "किती टक्के लोकांना आवडलं" हे तर पाच जणांवरून काढूच नका. ते मोजमाप निराळं आणि त्याला माणसं कितीतरी जास्त लागतात.

पाच मित्र चालतील का, हेही तुम्ही मनात विचारलं असणारच. नाही चालणार. मित्र स्क्रीन "बघतात" आणि छान म्हणतात. २००० सालच्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत फ्लोरिडातल्या पाम बीच काउंटीची मतपत्रिका आठवून बघा. वयस्कर मतदारांना वाचता यावं म्हणून अक्षरं मोठी केली. त्यामुळे नावं समोरासमोरच्या दोन पानांवर गेली आणि मत देण्यासाठी टोचायची भोकं मध्ये, एका रांगेत. डावीकडे दुसरं नाव अल गोर यांचं, पण दुसरं भोक उजवीकडच्या पॅट ब्यूकॅनन यांचं. हेतू चांगला होता आणि नुसतं बघणाऱ्याला त्यात वावगं दिसण्यासारखं फारसं नव्हतं. हातात टोच्या देऊन "आता मत द्या" म्हटल्यावर खरं कळतं. टेस्टिंगमध्ये बोलावं कमी. समोरचा अडकला की मदतीला धावू नये म्हणून मी हात मांडीखाली दाबून बसते. अजूनही.

वरिष्ठ म्हणतात, "सबस्क्रिप्शन बंद करायचं बटण तीन पातळ्या आत टाक. तूच म्हणतोस ना, पायऱ्या वाढवल्या तरी चालतात?" काय उत्तर देऊ?

माझं वाक्य माझ्यावरच उलटवलंय! फरक सांगते. आजोबांसाठी बसवलेली पायरी आजोबांना वाचवत होती. ही पायरी तुमच्या कंपनीचा महसूल वाचवते आणि बिल वापरणाऱ्याच्या नावावर फाडते. यूएक्स डिझायनर हॅरी ब्रिग्नल यांनी २०१० मध्ये अशा युक्त्यांना "डार्क पॅटर्न्स" हे नाव दिलं. आत जायला सताड दार आणि बाहेर पडायला भिंत, हा त्यातला जुना उंदराचा सापळा.

उलटी युक्तीही तितकीच वाईट असते, म्हणजे जिथे पायरी हवी तिथली काढून टाकणं. फोर्टनाइट हा व्हिडिओ गेम बनवणाऱ्या एपिक गेम्सवर अमेरिकेत ग्राहकांचं हित बघणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशनचा आरोप असा होता, की बटणांची मांडणी गोंधळात टाकणारी असल्याने एका दाबासरशी नको असलेली खरेदी होत होती. डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर झालेल्या तडजोडीत कंपनीला ग्राहकांच्या परताव्यासाठी २४.५ कोटी डॉलर मोजायला लागले. वरिष्ठांना नीतीचं भाषण देऊ नका, हा आकडा द्या. शिवाय सूचना ईमेलवर लेखी मागा: "तीन पातळ्या आत टाकण्याचं कारण कळवाल का, डिझाइनच्या नोंदीत लिहायचं आहे." माझ्या अनुभवात तोंडी सूचनांपैकी बऱ्याच या टप्प्यावर विरून जातात. तरी नाही विरली, तर बायोडेटा अद्ययावत करा. गंमत नाही करत.

शेवटचं: तुम्ही स्वतः कशावर चिडता?

पासवर्डच्या चौकटीत पेस्ट करू न देणाऱ्या फॉर्मवर. सुरक्षिततेच्या नावाखाली बसवलेली ही निव्वळ फुकटची पायरी आहे. त्यामुळे लोक लांब पासवर्ड सोडून सोपा घेतात. डब्ल्यूसीएजीच्या ऑक्टोबर २०२३ च्या २.२ आवृत्तीत तर लॉगिन करताना माणसाच्या स्मरणशक्तीची परीक्षा घेऊ नका, असा नियमच आला. पेस्टची मुभा हा तो पाळण्याचा एक साधा मार्ग. हे उत्तर तुमच्यापर्यंत पोचवायला मासिकाच्या यंत्रणेत लॉगिन करताना मी अठरा अक्षरी पासवर्ड हाताने टाइप केला. तिसऱ्या वेळी जमला. संपादकांना कळवलंय.